पाचव्या गाण्याबद्दल तक्रार

लक्ष दिल्याचा एकमेव भरवशाचा पुरावा म्हणजे तक्रार. या बाबतीत पुणे फारच लक्ष देणारं शहर आहे. कात्रजची बस चार मिनिटं उशिरा आली, तर वर्तमानपत्राला तीन पत्रं जातात (पैकी एक बसने कधीच न जाणाऱ्याचं).

म्हणूनच बिबवेवाडीचा योगेश निर्धास्त होता. दिवसभर संगणक कंपनीत आणि उरलेल्या वेळी गिटारवर बसून त्याने २००२ साली, स्वतः लिहिलेल्या आणि स्वतः गायलेल्या आठ रॉक गाण्यांचा अल्बम काढला. प्रकाशन रीतसर झालं, शाल-नारळासकट. अध्यक्ष रावसाहेब म्हणाले, "अल्बम मी अजून ऐकलेला नाही, त्यामुळे निःपक्षपातीपणे बोलू शकतो." ते पन्नास मिनिटं बोलले.

तीनशे सीड्या वाटून झाल्यावर योगेशला कळलं, की छपाईत घोळ होऊन पाचवं गाणं उमटलेलंच नाही. तिथे चार मिनिटं दहा सेकंद निव्वळ शांतता होती. 'भीती' हे त्याचं सर्वांत लाडकं गाणं. त्याला रडूच आलं. मग त्याने गप्प राहायचं ठरवलं. एकाने जरी तक्रार केली, तरी नोकरी सोडून गात राहायचं. नाहीतर कंपनी पाठवते तसं मुकाट टेक्सासला जायचं.

प्रतिसाद उत्तम आला. "पाचवं कसं वाटलं?" असं विचारलेल्या एकेचाळीस जणांपैकी अठ्ठावीस जणांना ते आवडलं, नऊ जणांना शब्द नीट कळले नाहीत (हे त्यातल्या त्यात प्रामाणिक), तर चौघांना ते इंग्रजीतून उचललेलं वाटलं. ऑफिसातली नम्रता म्हणाली, "सॉलिड आहे रे, फक्त बेस जरा जास्त झालाय." एका समीक्षकाने त्यातला संयम वाखाणला.

व्हिसा हातात पडला त्याच आठवड्यात शेजारच्या निवृत्त शिक्षिका सुशीलाबाई सीडी घेऊन आल्या.

"योगेश, राग मानू नकोस, पण पाचव्या गाण्याबद्दल तक्रार आहे."

योगेशने घाईघाईने खुर्ची पुढे केली. "बोला ना काकू."

"'भीती'तला भी दीर्घ असतो. पाकिटावर तू ऱ्हस्व छापलायस. एवढा शिकलेला मुलगा तू."

"आणि गाणं?"

"ते ऐकायला आमच्याकडे यंत्र कुठंय?"

योगेश टेक्सासला गेला. आता तो गात नाही.

चोखंदळ वाचकांसाठी सूचना: वरच्या मजकुरात शुद्धलेखनाची एक चूक राहून गेली आहे. ती शोधायला आपण लगेच मागे वळलात, याबद्दल अभिनंदन. त्या गाण्यात भीती कशाची होती, हे मात्र आपणही विचारलं नाहीत.