पोस्टर 'एकटी'चं, शुभेच्छुक सगळी वस्ती

गंधारच्या मते पोस्टर म्हणजे अर्ध्या तासाचं काम होतं. "लोकांना गर्दी जमवावी लागते, आपल्याला तर रिकामं रान हवंय," असं त्याने वर्गातल्या संस्कृतीला सांगितलं, आणि वर हेही, की दुपारच्या जेवणाला आपण नगरला, केडगावात घरी असू. रिकामं रान मिळणं ही जगातली सगळ्यात अवघड गोष्ट आहे, हे त्याला अजून कळायचं होतं.

त्याच्या लघुपटाचं नाव 'एकटी'. पोस्टर डोक्यात पक्कं बसलेलं: ऊस तुटून गेल्यावरचं ओकंबोकं शेत, मधोमध एक पाठमोरी बाई, बाकी काही नाही. आणि ते जमणं भागच होतं. गेल्या वर्षी कॉलेजच्या लघुपट स्पर्धेत त्याचा लघुपट बघायला हॉलमध्ये आई, बाबा आणि कुलूप लावायला थांबलेला शिपाई एवढेच होते. बाबा म्हणजे शामकांत सर, हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं, "या रविवारी स्पर्धेला हॉल भरला तर तुझं सिनेमाचं बघू. नाही भरला तर सोमवारपासून बँकेच्या परीक्षेचा क्लास."

शेत मिळालं ते संस्कृतीच्या काकांचं, देवळाली प्रवराच्या बाहेर वस्तीवरचं. सिनेमातली एकटी म्हणजे तिची काकू लंकाबाई, आणि तिने कामही झकास केलं होतं. कॅमेरा संस्कृती सांभाळायची. आदल्या दिवशी तिने सहादेवकाकांना फोन करून एवढंच सांगितलं, "उद्या पोस्टरचे फोटो काढायला येतोय."

आता पोस्टर म्हणजे काय, हे वस्तीला शिकवायची गरज नव्हती. वाढदिवस असो, नवा ट्रॅक्टर असो, कुणाची पोरगी पोलिसात भरती झालेली असो, चौकात फ्लेक्स लागतो. आणि फ्लेक्स लागला की खाली शुभेच्छुकांचे फोटो आलेच. घरच्या पोरीच्या पिच्चरचा फ्लेक्स आणि त्यावर आपण नाही, हे शोभतं का?

गंधार पोहोचला तेव्हा बांधावर लग्नाला जमावीत तशी माणसं उभी होती. कडक इस्त्रीचे पांढरे शर्ट, गॉगल, गळ्यात चेन. एक जण तर मोबाईल कानाला लावूनच उभा, फोन कुणाचाही आलेला नसताना. सोसायटीचे माजी चेअरमन रंगनाथभाऊ पुढे झाले. "माझा फोटो वरच्या लायनीत घ्या. खाली घेतला तर मानसं विचारत्यात, काय बिनसलं का म्हनून."

"भाऊ, यात फक्त काकू आहेत. त्याही पाठमोऱ्या."

"पाठमोऱ्या?" लंकाबाई घरातून बाहेर आली. सिनेमातलं विटकं लुगडं बाजूला ठेवून तिने लेकाच्या लग्नातली पैठणी नेसली होती. "माझ्या तोंडाला काय झालंय? फ्लेक्सवर कुनी पाठ करून उभं ऱ्हातं व्हय?"

तिची समजूत काढून तिला पुन्हा लुगडं नेसायला लावेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. मग ती शेताच्या मधोमध गेली आणि तिथेच रुतली.

"धूळ दिसाया नको म्हनून सकाळीच पानी सोडलं," सहादेवकाका अभिमानाने म्हणाले. "लई ताजं दिसतंय का न्हाई रान?"

काकूला काढायला गंधार धावला, तो गुडघाभर खाली गेला. त्याला हात द्यायला संस्कृती वळली आणि तिच्या मागचा ट्रायपॉड कलला. कॅमेरा कॉलेजचा. गंधारने डोळेच मिटून घेतले. उघडले तेव्हा रंगनाथभाऊ चिखलात आडवे पडले होते आणि वर धरलेल्या हातात कॅमेरा होता, कोरडा ठणठणीत. शर्टाकडे मात्र बघवत नव्हतं.

"धरला बगा," ते पडल्या पडल्या म्हणाले. "आता माझा फोटो कसा काढायचा, ते तुमी ठरवा."

मग सगळी वस्ती कामाला लागली. कुणी दोर आणला, कुणी फळी टाकली, कुणी ओढलं. हातपाय धुवायला गरम पाणी आलं, पाठोपाठ पिठलं-भाकरी आली. गंधारला भरून आलं. ना ओळख ना पाळख, आणि ही माणसं आपल्या पोस्टरपायी चिखलात लोळली. कुठल्या तोंडाने नाही म्हणायचं? त्याने एकेकाचा फोटो काढला, गॉगलसकट आणि मोबाईलसकट. रंगनाथभाऊंना सहादेवकाकांचा शर्ट मिळाला आणि वरची ओळही मिळाली.

शेवटचा फोटो होईपर्यंत ऊन उतरलं होतं. गंधारने सहज शेताकडे पाहिलं. सगळे घराच्या भिंतीशी रांगेत असल्यामुळे रान एकदाचं रिकामं झालं होतं. मधोमध लंकाबाई, पाठमोरी, जराशी वाकलेली, एकटी. त्याने हाकसुद्धा न मारता फोटो काढला.

पोस्टर तयार झालं. वर लंकाबाई, खाली शुभेच्छुकांच्या ओळी. कॉलेजात मुलं पोट धरून हसली. रविवारी मात्र देवळालीहून टेम्पो भरभरून आले. आपला फोटो नगरला लागलाय म्हटल्यावर घरी कोण बसेल? हॉल असा भरला, की शामकांत सरांना भिंतीला टेकून उभं राहावं लागलं. सिनेमा संपला, दिवे लागले, तरी एकही माणूस जागचा उठेना.

"मदली सुट्टी झाली व्हय?" रंगनाथभाऊंनी विचारलं. "आमी दुसऱ्या भागात हाय का?"

हॉलच्या दाराशी, पोस्टरपुढे, पुण्याहून आलेले परीक्षक बराच वेळ थांबले. "या वाकलेल्या पाठीत एक शोध आहे," ते गंधारला म्हणाले. "काय शोधतेय ही स्त्री?"

गंधारने 'स्वतःचं अस्तित्व' असं म्हणायला तोंड उघडलं.

"चप्पल," मागून लंकाबाई म्हणाली. "डाव्या पायाची. चिखलात गेली ती अजून घावली न्हाई."

सगळे हसले, आणि सगळ्यात मोठ्याने शामकांत सर. गंधारला आठवेना, ते त्याच्या सिनेमाच्या कुठल्या गोष्टीवर कधी हसले होते. डोळे पुसत ते त्याच्याजवळ आले.

"क्लासचं राहू दे," ते म्हणाले. "उद्या सकाळी आधी या बाईंना चपला घेऊन दे."