दोनशे अकरा चिठ्ठ्या

"आज 'काकेरु' संपवतोच!" शिगेआकींनी शनिवारी न्याहारीलाच जाहीर केलं.

हे ते गेली नऊ वर्षं जाहीर करत होते. जन्मभर शब्दकोशाचं काम केलेला माणूस निवृत्तीनंतर एकाच जपानी क्रियापदाला चिकटून बसला होता, कारण ते क्रियापदच तसं लोचट. चष्मा लावा, काकेरु. फोन लावा, कुलूप लावा, काकेरु. भातावर रस्सा ओता, कोट खुंटीला टांगा, लोकांना तसदी द्या, हे आपलं हजर! एकेका अर्थाची एकेक चिठ्ठी. दोनशे दहा झाल्या होत्या.

"बाबा, सूप निवतंय," फुमिए म्हणाली. "की त्यातही एखादा अर्थ पडलाय?"

"कर, थट्टा कर. कोशवाल्याला अशी मुलगी असू नये."

"आणि मुलीला असा कोशवाला!"

संध्याकाळी त्यांनी दोनशे अकरावी चिठ्ठी लिहून बिस्किटांच्या डब्यात टाकली. खरंच संपवलं. रविवारी सकाळी ते उठले नाहीत.

मात्सुमोतो शहरात दहनाआधी शवपेटीत माणसाच्या आवडीची वस्तू ठेवतात. शिगेआकींची धाकटी बहीण, तोयोकोआत्या, चष्मा घेऊन आली. अंत्यविधीवाल्याने मान हलवली, काच जळत नाही. तिने कोश आणला. जाड पुस्तकही नीट जळत नाही. आत्या इरेला पेटली. सुटे कागद तर जळतात! कुणाला न विचारता तिने डब्यातल्या सगळ्या चिठ्ठ्या भावाच्या अंगाभोवती नीटनेटक्या खोचल्या आणि वर शेवंती पसरली.

झाकण लावायच्या वेळी कोशाचे संपादक हिनोकिदा फुमिएच्या कानाशी लागले. "अवेळी विचारतोय. पण 'काकेरु'च्या चिठ्ठ्या… त्यांची दुसरी प्रत नाही हो."

"त्या होय?" आत्या अभिमानाने म्हणाली. "त्याच्यापाशीच आहेत!"

नऊ वर्षं तासाभरात राख होणार होती. फुमिएने कोपरापर्यंत हात शवपेटीत घातले.

लोकांना वाटलं, पोरीचा बांध फुटला. दोन काकांनी तिला दंडाला धरून मागे ओढलं. "सोड गं त्याला!"

"चिठ्ठ्या!" ती ओरडली. "चिठ्ठ्या राहिल्या!"

"राहतंच गं काही ना काही," शेजारीण हुंदका देत म्हणाली आणि सांत्वन म्हणून तिने ओंजळभर फुलं टाकली. मग सगळ्यांनीच टाकली! चिठ्ठ्या आणखी खोल गेल्या. शेवटी हिनोकिदाच बाह्या सारून शवपेटीत वाकले, तेव्हा मात्र भिक्षूंचं सूत्रपठण अडखळलं.

शिगेआकींच्या बाह्यांतून नव्वद निघाल्या, पायाशी सत्तर, मानेखाली पन्नास. दोनशे दहा! एक तेवढी जुळवलेल्या हातांखाली दबली होती. काढायची तर बोटं उकलावी लागणार.

फुमिएने गठ्ठा भरभर चाळला.

"ती राहू दे त्यांच्याजवळ," ती म्हणाली. "'पांघरूण घालणे' या अर्थाची आहे. उदाहरण लिहून घ्या. 'मुलगी वाचता वाचता झोपली, तिच्या अंगावर पांघरूण घातलं.'"

हिनोकिदांनी लिहून घेतलं. मग चमकून वर पाहिलं. "पण न बघता कसं सांगितलंत?"

फुमिएच्या केसांत पाकळ्या अडकल्या होत्या, बाहीला उदबत्तीची राख लागली होती. विचारलं होतं हिनोकिदांनी. ती वळली मात्र बाबांकडे.

"तुम्ही अंघोळीला गेलात की वाचायची मी. रोज. सगळ्या पाठ आहेत. बाबा, छान लिहायचात हो तुम्ही."