अकरा मीटर कच्चा रस्ता

मोटारसायकल निवडणे हा वरवर पाहता खरेदीचा विषय वाटला, तरी मुळात तो आत्मपरीक्षणाचा विषय आहे. गाडी चांगली की वाईट, हे अडाणी माणूस विचारतो. सुज्ञ माणूस विचारतो, ती माझ्या रायडिंगला साजेशी आहे का? त्यासाठी आपले रायडिंग काय आहे हे आधी ठाऊक असावे लागते. जगातल्या बहुतेक मोटारसायकली ही माहिती नसल्यामुळेच विकल्या जातात.

आमचे साडू अशा गिऱ्हाइकांतले नाहीत. ते वजनमापे खात्यात निरीक्षक आहेत. दुकानादुकानांत जाऊन तराजू तपासायचे, खोटी मापे जप्त करायची, हे त्यांचे काम. बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एकही आकडा खोटा लिहिलेला नाही. (घरचा वजनकाटाही त्यांनी दुरुस्त केला. तेव्हापासून त्यांच्या घरात कोणी बारीक झालेले नाही.)

अशा माणसाने एके दिवशी शोरूमच्या काचेआड स्क्रँबलर पाहिली. स्क्रँबलर म्हणजे जुन्या वळणाची, सायलेन्सर गुडघ्यापर्यंत वर घेतलेली, जाड खाचांचे टायर लावलेली मोटारसायकल. ती डांबरावर चालते आणि डांबर संपल्यावरही चालते. तिच्यावर बसलेला माणूस फार लांबून आल्यासारखा दिसतो, मग तो समोरच्या कोपऱ्यावरून का आलेला असेना. साडू त्या काचेपुढे पाऊण तास उभे होते. त्यांच्याकडे एक जुनी स्कूटर आहे. तिच्यावरून येणारा माणूस जिथून आला तिथूनच आल्यासारखा दिसतो.

माझी मेहुणी, म्हणजे साडूंची पत्नी, शाळेत गणित शिकवते. तिने आरडाओरडा केला नाही.

"गाडी घ्यायची तर घ्या," ती म्हणाली. "पण ती तुमच्या कुठल्या रायडिंगला लागते, ते मला आधी कागदावर दाखवा."

साडूंना यात अडचण दिसली नाही. कागद हे त्यांचे माहेरच होते. त्यांनी रायडिंगची नोंदवही उघडली आणि सहा महिने प्रत्येक फेरी तीत उतरवली. निष्कर्ष असा: एकूण रायडिंग १३५४ किलोमीटर. पैकी कार्यालयात जाणे-येणे १२६०. दातांचा डॉक्टर, न्हावी, वाचनालय आणि एकदा विनाकारण मिळून उरलेले. कच्च्या रस्त्यावरचे रायडिंग ३.३ किलोमीटर, म्हणजे पाव टक्का. (अचूक सांगायचे तर ०.२४. पाव म्हणणे त्यांना अतिशयोक्ती वाटते.)

हे तीन किलोमीटरसुद्धा आमच्या अंगणातले होते. आम्ही आणि साडू एकाच सोसायटीत राहतो. तिच्या दोन इमारती समोरासमोर आहेत आणि मधल्या अंगणात अकरा मीटरचा एक पट्टा उघडा आहे. तीन वर्षांपूर्वी पाण्याचा पाइप बदलायला तिथल्या फरशा काढल्या. पाइप बदलला. फरशा खडूने नंबर घालून भिंतीशी नीट रचून ठेवल्या, आणि त्या इतक्या नीट रचल्या गेल्या की पुन्हा हलवायला कोणाला धीर झाला नाही. साडूंची स्कूटर रोज त्या पट्ट्यावरून दोनदा जात असे.

नोंदवही घेऊन साडू शोरूममध्ये गेले. तिथला विक्रेता प्रामाणिक होता. (पुढे त्याला सुट्या भागांच्या विभागात हलवले.) त्याने माहितीपत्रक दाखवले: ज्यांचे किमान वीस टक्के रायडिंग कच्च्या रस्त्यावर होते, स्क्रँबलर त्यांच्यासाठी.

"साहेब, तुमच्याकडे पाव टक्काच आहे," विक्रेता म्हणाला. "स्कूटरच बरी आहे तुम्हाला."

सामान्य माणूस इथे एकतर घरी गेला असता, नाहीतर पाव टक्क्याच्या जागी वीस लिहून मोकळा झाला असता. साडू आकडा खोटा लिहीत नाहीत. ते तो खरा करून घेतात.

त्यांनी हिशेब मांडला. किरकोळ फेऱ्या पायी केल्या, तर महिन्याला डांबरावरचे रायडिंग २१० किलोमीटर. वीस टक्के गाठायला कच्चे ५२.५ हवे. अकरा मीटरच्या पट्ट्यावर त्याच्या होतात ४७७३ फेऱ्या, म्हणजे कामाच्या दिवशी १९१. वळायला लागणारा वेळ धरून रोज एक तास पस्तीस मिनिटे. दुसऱ्या दिवसापासून कार्यालयातून आल्यावर, हेल्मेट न काढता, साडू पट्ट्यावर जाऊ-येऊ लागले. लहान मुले आधी हसली, मग मोजू लागली, मग कंटाळून घरी गेली. नाचता येईना अंगण वाकडे, अशी म्हण आहे. आमच्या साडूंनी नाच शिकण्यासाठी अंगण वाकडे ठेवले, यातच त्यांचा मोठेपणा आहे.

महिन्याअखेर बरोबर वीस टक्के भरले. पण आता त्यांच्यातला निरीक्षक जागा झाला होता. टक्केवारी वाढवायला कच्चे वाढवण्याची गरजच काय, डांबरावरचे कमी केले तरी चालते, हे त्यांच्या लक्षात आले. ते कार्यालयात बसने जाऊ लागले. पंधरा दिवसांत त्यांचे रायडिंग शंभर टक्के खडतर झाले. शहरात राहून, घरापासून अकरा मीटरच्या आत, हे साधलेला दुसरा माणूस माझ्या माहितीत नाही.

विक्रेत्याने नोंदवही पाहिली आणि मान हलवली. "आता स्क्रँबलर चालणार नाही साहेब. साठ टक्क्यांच्या वर गेलं की निव्वळ मातीतली गाडी लागते. तिला दिवे नसतात, आरसे नसतात, मागची सीटही नसते."

साडू गडबडले नाहीत. ते एक दिवस बसने, एक दिवस स्कूटरने जाऊ लागले. टक्केवारी तेहतीसवर येऊन स्थिरावली. मेहुणीने आकडे तपासले, एकही चूक सापडली नाही, आणि तिने अट घातली: तीन महिने हेच प्रमाण टिकले तर गाडी. दरम्यान साडूंनी तीन मॉडेलांच्या चाचण्या घेतल्या, अर्थातच अंगणात. पहिली भारी, दोन सिलिंडरची. तिला वळवायला अंगण पुरेना. दुसरी हलकी, लाल टाकीची. तिसरीला खडी, चिखल आणि वाळू अशी वेगवेगळी बटणे होती. बटण दाबून खडीचा दिवा लागेपर्यंत पट्टा संपून जाई.

इथपर्यंत सगळे नियमाप्रमाणे चालले होते. मध्ये सासूबाई आल्या.

सासूबाई, म्हणजे साडूंच्या आणि माझ्या सामाईक, साडूंकडे दुसऱ्या मजल्यावर राहतात. वय एक्याऐंशी. वॉकर घेऊन चालतात. समोरच्या इमारतीत तळमजल्यावर त्यांची एक मैत्रीण होती, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली ऑपरेटर. आयुष्यभर लोकांचे ऐकून तिचे कान संपले होते, आणि गुडघे त्याच्याही आधी गेले होते. ती इकडे येऊ शकत नसे, म्हणून सासूबाई रोज दुपारी लिफ्टने खाली उतरून वॉकरने तो पट्टा ओलांडत. नऊ मिनिटे लागत. मग दोघी वर्तमानपत्रातले शब्दकोडे सोडवत. सासूबाई ओरडून सूचक शब्द वाचत, मैत्रीण चौकोन भरत असे आणि अख्ख्या इमारतीला उत्तर कळत असे.

रोजच्या १९१ फेऱ्यांनी पट्ट्यात दोन चाकोऱ्या पडल्या, एक जाण्याची, एक येण्याची, घोट्याएवढ्या खोल. त्यांत वॉकरचा पाय रुतू लागला. एकदा सासूबाई मधोमध वीस मिनिटे उभ्या राहिल्या, कारण पुढेही जाता येईना आणि मागेही. त्यानंतर त्या गेल्या नाहीत. फाटकाकडून वळसा घालावा तर तिथे आठ पायऱ्या. दुपारी खिडकीत बसून त्या हात हलवत आणि समोरून हात हले. फोनचा उपयोग नव्हता. हातवाऱ्यांनी शब्दकोडे सुटत नाही, हे दोघींनी चार दिवस करून पाहिले होते.

दोघांनी त्यांना खुर्चीसकट उचलून पलीकडे ठेवावे, असे मी सुचवले.

"उचलून न्यायची वेळ एकदाच येते जावईबापू," सासूबाई म्हणाल्या. "ती अजून आलेली नाही."

तेवढ्यात कळले की मैत्रीण महिनाअखेरीला मुलीकडे कायमची राहायला चालली आहे, दूरच्या गावी. एकोणीस दिवस उरले होते. मेहुणीने सोसायटीच्या कमिटीकडे अर्ज दिला की फरशा पूर्ववत बसवाव्यात. गवंड्याने जागा पाहिली आणि म्हणाला, "सकाळी लागलो तर संध्याकाळी होतंय. दोन दिवस पाणी मारा, तिसऱ्या दिवशी चाला."

साडूंनी हरकत घेतली. तीन महिन्यांपैकी सात आठवडे झाले होते, सहा राहिले होते. फरशा बसल्या की कच्चे रायडिंग शून्य होणार, शून्यावर स्क्रँबलर मिळत नाही, आणि सात आठवड्यांचे खरे आकडे मातीत जाणार. (या शब्दप्रयोगाबद्दल त्यांनी सभेत दिलगिरी व्यक्त केली.) मागणी माफक होती: काम फक्त सहा आठवडे पुढे ढकलावे.

मी कमिटीचा सचिव आहे. सभा पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्यांवर झाली. सासूबाई स्वतः खाली आल्या आणि त्यांनीही एक कागद आणला होता. चष्मा पुसून त्यांनी तो वाचला.

"गेल्या वर्षी या पट्ट्यावरून माझ्या फेऱ्या सहाशे अठरा. या महिन्यात शून्य. घराबाहेर माझं जाणं एवढंच होतं. म्हणजे माझं शंभर टक्के चालणं या अकरा मीटरचं आहे."

अक्षराचे कौतुक झाले. इतिवृत्तात मी लिहिले: 'सदर पत्रक अभिनंदनासह दप्तरी दाखल.'

साडूंनी तो कागद फार आदराने तपासला. बेरीज बरोबर होती. मग ते म्हणाले, "आई, तुम्ही साठ टक्क्यांच्या वर आहात. वॉकर हे साधन तुम्हाला साजेसं नाही." हे त्यांनी टिंगलीने म्हटले नाही. त्यांनी खरोखर वॉकरच्या पायांना जुन्या टायरचे खाचांचे तुकडे कापून बसवले आणि दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी चाचणी दिली. वॉकर अडीच मीटर गेला. तेही नोंदवहीत आहे.

पण ते दुसऱ्या दिवशी. सभेत मतदान झाले तेव्हा पाच मते फरशांना पडली, पाच स्थगितीला. (मेहुणीच्या घरचे मत साडूंच्या नावावर आहे.) समसमान झाले की सचिवाचे मत निर्णायक ठरते. माझे मत स्थगितीला पडले. इतिवृत्तात कारण नोंदवले आहे ते 'हाती घेतलेले मोजमाप अर्धवट राहू नये'. न नोंदवलेले कारण असे की गाडी आली की पहिली चक्कर मला द्यायचे साडूंनी कबूल केले होते. हे लिहिताना मला लाज वाटते, आणि चक्कर छान झाली हेही खरे आहे.

एकोणीस दिवस गेले. सामानाचा टेम्पो समोरच्या इमारतीच्या रस्त्याकडच्या दाराला लागला, अंगणात आलाच नाही. त्या दुपारी सासूबाई खिडकीत हात वर करून बराच वेळ बसल्या होत्या. समोरची खिडकी बंद होती.

पुढच्या चार आठवड्यांत तीन महिने पुरे झाले. सरासरी ३३.३ टक्के. मेहुणीने शेवटच्या पानावर सही केली. "आकडे बरोबर आहेत," ती म्हणाली, "तेवढंच बरोबर आहे." गाडी घरी आली. तिसऱ्या दिवशी पट्ट्यावरचा चिखल उडून सायलेन्सरच्या चकचकीत नळीवर बसला, आणि चौथ्या दिवशी साडूंनी कमिटीकडे तातडीचा अर्ज दिला की फरशा त्वरित बसवाव्यात. ठराव एकमताने मंजूर झाला. गवंडी सकाळी लागला आणि संध्याकाळी उठला.

तिसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई खाली उतरल्या. वर्तमानपत्र वॉकरच्या दांडीला अडकवले होते. सपाट फरशीवर चार मिनिटे लागली. समोरच्या दाराला कुलूप आहे हे त्यांना माहीत होते. तरी त्या दारापर्यंत गेल्या, थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि परत आल्या. मग आपल्या कागदावर त्यांनी 'फेऱ्या: दोन' असे लिहिले.

ही हकिगत मी आजवर चौदा जणांना सांगितली आहे. नेमके इथे आल्यावर चौदापैकी नऊ जणांनी विचारले, "पण शेवटी तिन्हींतली कोणती घेतली?" चौघांनी ती लिटरला किती देते ते विचारले. एकाने त्या प्रामाणिक विक्रेत्याचा नंबर घेतला. सासूबाई आता दुपारी काय करतात, हे विचारणारे पंधरावे तुम्ही असाल, या आशेने मी इथे जरा थांबलो होतो.

असो. दुसरी घेतली, लाल टाकीची. पस्तीस देते.