परतलेल्या चक्राचा प्रसाद

अस्त्रांच्या बाबतीत मला कोणी हरवील, हे संभवतच नव्हते! मुलुंडच्या शाळेत मी एकतीस वर्षे संस्कृत शिकवले. सोडलेले चक्र कार्य साधून धन्याच्या हाती परत येते, हे किती पिढ्यांना सांगितले असेल! त्यामुळे नात श्रुतिका जेव्हा म्हणाली, "आजोबा, या गेममध्ये मला एकदा तरी हरवा, लगेच टीव्ही तुमचा," तेव्हा मी प्रसन्नपणे "तथास्तु" म्हणालो.

प्रसंग गंभीर होता. माझा विद्यार्थी मार्तंड याचे पहिलेवहिले प्रवचन सात वाजता टीव्हीवर होणार होते. ते पाहण्याचे वचन मी त्याला दिले होते. आणि घरातल्या एकुलत्या एक टीव्हीवर ही मारामारी!

मी चक्र फेकणारा योद्धा निवडला. चक्र सुटले. श्रुतिकाच्या पहिलवानाने उडी मारली. चक्र मागे वळले. परतणाऱ्या अस्त्राचा मान राखावा म्हणून मी कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि हात जोडले. ते थेट माझ्याच योद्ध्याच्या टाळक्यात बसले!

"हे कपट आहे!"

"कपट कसलं, आजोबा? परत आलं की बटण दाबून झेलायचं."

"धन्याला ओळखत नाही ते कसले चक्र?"

"चक्र आहे ते, पाळलेला कुत्रा नाही!"

माझा संशय बळावला. मी कंट्रोलर बदलून घेतला, हरलो. जागा बदलली; हरलो. बटण आता ठाऊक होते, पण चक्र वळले की साठ वर्षांच्या सवयीने हात आपोआप जुळत! त्यातच स्वयंपाकघरातून आमच्या सौ. वनमाला नेमक्या वेळी खोकत. हा संकेतच असणार!

"खोकून काय सुचवतेस तिला?"

"अहो, मिरच्यांची फोडणी आहे! तुमच्या मारामारीपायी आता आमटी बिनफोडणीची करू?"

हे मला पटले नाही. बाहेरून कोणीतरी सूत्रे हलवीत असावे, म्हणून मी वायफाय बंद केले. क्षणात शेजारचा सर्वेश दारात!

"काका, वायफाय चालू करा ना! माझी मीटिंग चालू आहे!"

"तुझी मीटिंग आमच्या वायफायवर?"

सर्वेश आल्या पावली निघून गेला.

सातला दोन मिनिटे उरली. मी आठव्यांदा चक्र सोडले आणि काय आश्चर्य! पहिलवान जागचा हललाच नाही. जाताना एक तडाखा, येताना दुसरा, पहिलवान आडवा!

"अय्यो, उडी मारायला विसरले!" श्रुतिका म्हणाली.

"अनुभवापुढे असेच होते, बाळ."

मी ऐटीत प्रवचन लावले. मार्तंडाने छान आरंभ केला. इतक्यात आतून सौ.चा आवाज आला, "मुद्दाम हरलीस ना गं?"

"मग काय आजी! त्यांचं प्रवचन बुडलं असतं ना."

वाचकहो, सात पराजयांवर मी मनसोक्त संशय घेतला. ज्या एका विजयावर घ्यायला हवा होता, त्यावर मात्र घ्यायचा राहून गेला! मी निमूटपणे टीव्हीचा आवाज वाढवला.