नातवाच्या दुपट्याचे सहा प्लॉट

कोणत्या पिकावर कोणतं औषध मारायचं, हे ताडकळसात माझ्याइतकं कुणालाच कळत नाही! मीच सांगतोय म्हणून खोटं समजू नका. तीस वर्षं झाली माझ्या कृषी सेवा केंद्राला. शेतकरी हातात नुसतं पान घेऊन दुकानाची पायरी चढला, की मी काउंटरवरूनच रोग सांगतो. मग बावीस दिवसांच्या नातवाची झबली-दुपटी कशाने धुवायची, हे ठरवायला मला कितीसा वेळ लागणार? अर्धा तास! फार तर पाऊण!

त्याचं असं झालं. आमची लेक अर्पिता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. नातू झाला. नाक-डोळे थेट माझे. सत्यशीलेला, म्हणजे आमच्या मंडळींना, हे मान्य नाही, ते सोडा. मी दुकानातून आलो की आधी नातू खांद्यावर, मग चहा. हा नेम कधी चुकला नाही. लग्नानंतर लेक एवढे दिवस घरी अशी राहिलीच नव्हती. घर कसं भरल्यासारखं वाटत होतं. मी तर दुपारी उगीचच दुकान उघडं टाकून दोनदा घरी यायला लागलो होतो.

आणि मंगळवारी बाळाच्या अंगावर पुरळ उठलं! गाल लाल, मान लाल, पोट लाल. परभणीला नेलं. डॉक्टरांनी मलम दिलं आणि म्हणाले, "बाळाच्या कातडीला काहीतरी कडक लागतंय. कपडे कशाने धुता?"

घरी येतोय तोवर बोरीहून विहीणबाईंचा फोन. धुरपताबाई नाव त्यांचं, आणि आवाज असा की फोन कानापासून हातभर लांब धरावा लागतो.

"दत्तरावभाऊ, लेकराला काय घालायलाव तुमी? कशानं धुवायलाव?"

"विहीणबाई, किरकोळ हाय. बघतो मी."

"बघा! रविवारी बारसं हाय. तवर लेकराचं अंग साफ दिसलं न्हाई, तर बारसं झालं की माय-लेकरू दोघं बी आमच्या गाडीत! सव्वा महिना बोरीत करू!"

सव्वा महिन्याच्या आत बाळंतीण माहेराहून उचलून न्यायची? गावात तोंड काय दाखवायचं? गाव जाऊ द्या. माझा नातू जायचा ना! मी तिथंच ठरवलं, काय वाटेल ते होऊ द्या, रविवारच्या आत सौम्यातला सौम्य साबण शोधणार म्हणजे शोधणार!

घरात दोन पक्ष होते. सत्यशीला म्हणाली, "रिठं भिजवा अन् त्या पाण्यात धुवा. अर्पी त्यातच मोठी झाली."

अर्पिता म्हणाली, "आई, आता खास बाळाच्या कपड्याचं लिक्विड येतंय. बाटलीवर लिहिलेलं असतंय, सौम्य म्हणून."

"बाटलीवर काय बी लिहितेत!" मी म्हणालो. "माझ्या दुकानातल्या निम्म्या बाटल्यांवर दुप्पट उत्पन्न लिहिलंय! आपल्या धंद्याचा नियम हाय. आधी प्लॉट, मग शिफारस!"

"कशाचा प्लॉट?" दोघी एकदम.

आमच्यात नवं औषध आलं की शेताचे तुकडे पाडतात. एका तुकड्यावर एक औषध, दुसऱ्यावर दुसरं, आणि एक तुकडा काहीच न मारता कोरा. मग फरक बघायचा. तसंच करायचं! फक्त शेत कुठलं? नातवाचं अंग थोडंच वापरणार? माझं होतं की! चांगलं ब्याऐंशी किलोचं!

बाळाच्या दुपट्यांसाठी काढून ठेवलेलं मऊ धोतर होतं. त्याच्या सहा पट्ट्या फाडल्या. एक रिठ्यात धुतली, एक लिक्विडमध्ये, एक घरातल्या पावडरीत, एक वडीच्या साबणात, एक लोकरीच्या कपड्यांच्या साबणात आणि सहावी नुसत्या पाण्यात. प्रत्येकीवर पेनाने नंबर टाकला आणि बांधल्या अंगावर. गळ्याला एक, दंडांना दोन, पोटऱ्यांना दोन आणि पोटाला एक. निकाल लागेपर्यंत बाळाचे कपडे नुसत्या गरम पाण्यात धुवायचा हुकूम सोडला.

"अवं, असं दुकानात जाणार?" सत्यशीला म्हणाली.

"जाणार! पीक शेतातच उभं राहतंय!"

"बरं, जावा. पण लेकराच्या पुरळाचं कुणाला सांगू नका. आधीच दृष्ट लागल्यावानी झालंय. माझी शपथ हाय."

झालं! ही शपथच भोवली. बुधवारी सकाळी आमचं कायमचं गिऱ्हाईक महारुद्र हरभऱ्यासाठी गंधक घ्यायला आला. मी पोत्यात हात घालून भुकटी मोजतोय आणि तो माझ्याकडे डोळे फाडून बघतोय.

"मालक, ह्या पट्ट्या कशाच्या?"

"काय न्हाई. प्रयोग हाय."

"अंगावर?"

"हां. सहा प्रकार लावलेत. बघायलोय कोणतं झोंबतंय."

त्याने मागच्या कपाटातल्या औषधांकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि गंधक न घेताच निघून गेला! शपथेमुळे मला पुढे बोलता येईना.

संध्याकाळी पट्ट्या सोडल्या. सहाच्या सहा प्लॉट साफ! कुठं लाली नाही, खाज नाही. गुरुवारी पुन्हा बांधल्या, या वेळी घट्ट. पुन्हा सगळे पास!

"अवं, तुमच्या कातड्याला काय होतंय?" सत्यशीला म्हणाली. "औषधं हाताळून हाताळून ते चपलीसारखं झालंय!"

आणि इकडे नातवाचं पुरळ हटेना. कपडे नुसत्या पाण्यात धुतलेले, तरी गाल लालच. अर्पिताने आपली बॅग कपाटावरून खाली काढलेली मी बघितली. मला जेवण गेलं नाही. शुक्रवारी मी पट्ट्या तर बांधल्याच, वर प्रत्येक पट्टी दुहेरी केली. हटायचं नाही म्हणजे नाही!

दरम्यान महारुद्राने गावात सांगितलं होतं, की मालकांच्या अंगाला सहा ठिकाणी पट्ट्या आहेत. बाजारात गेल्यावर तेच झालं, की मालकांच्या अंगावर औषधाचा डबा फुटला. तिथून एसटीने बोरीला पोचेपर्यंत माझी वाचा गेली होती!

शुक्रवारी दुपारी दुकानापुढे गाडी कचकन थांबली. आतून व्याही आबासाहेब उतरले, हातात चार शहाळी. मागून धुरपताबाई, डोळ्याला पदर. मी नुकतंच गंधकाचं नवं पोतं फोडून उभा. गळ्याला पट्टी, दंडाला पट्टी.

"इवाई!" आबासाहेबांनी हंबरडा फोडला आणि मला मिठी मारली. लग्नात व्याहीभेट झाली होती, तेव्हा हार आडवे येत होते म्हणून उरकली. ही मात्र खरी! माझ्या खांद्यावर गाल टेकवून माणूस पाच मिनिटं रडला.

"आवं, मी चांगला हाय!"

"बोलतेत! धुरपता, बोलायलेत गं!" आणि पुन्हा मिठी!

मग सगळं सांगावंच लागलं. आबासाहेब हसून हसून बाकड्यावर बसले. विहीणबाई मात्र हसल्या नाहीत. "म्हंजे लेकराचं अंग अजून तसंच हाय. आता आलोच हावत, तर बारशापत्तुर राहतो. मग नेतोच."

शनिवारी सकाळी आबासाहेब चहाला आले आणि अर्पिताच्या हातातून कपबशी पडायचीच राहिली. त्यांचा गाल लाल! मान लाल! पोट कराकरा खाजवत होते!

धुरपताबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. मग पाळण्यातल्या बाळाला उचलून नवऱ्याच्या शेजारी धरलं.

"ह्याचा गाल, त्याचा गाल. ह्याची मान, त्याची मान," त्या म्हणाल्या. "आता आमच्या मालकाची दुपटी काय कुणी साबणात धुतली होती?"

सत्यशीला उठली, खुंटीवरचा माझा कालचा शर्ट काढला आणि दारात नेऊन झटकला. पिवळ्या भुकटीचा हा लोट उठला! विहीणबाई शिंकल्या. आबासाहेब शिंकले. आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"गंधक हाय," मी म्हणालो. "पिकाच्या भुरी रोगावर लय चांगलं."

"बापू!" अर्पिता ओरडली. "रोज ह्याच शर्टावर घेत होता तुमी त्याला!"

इतकं वाईट मला उभ्या जन्मात वाटलं नव्हतं. साबण बिचारे पाचच्या पाच निर्दोष. ज्या किडीला मी चार दिवस शोधत होतो, ती पट्ट्या बांधून स्वतःच हिंडत होती!

"उद्यापासनं आंघोळ करून, कपडे बदलून घेतो त्याला," मी कसंबसं म्हणालो.

"तीस वर्षांचं मुरलेलं एका आंघोळीनं निघतंय व्हय?" सत्यशीला कडाडली. "दुकान मी बघते. बाहेरच्या बाहेर कपडे बदलून येत जाईन. तुमी आठ दिवस दुकानाला बी शिवायचं न्हाई अन् लेकराला बी!"

माझ्या हाताला ते लेकरू लागलंच नाही, आणि रविवारी सकाळी त्याचा गाल उजळला. बारसं झोकात झालं. नाव शंभुराज ठेवलं. मी दोनदा आंघोळ करून दारातून बघितलं. धुरपताबाई स्वतःहून म्हणाल्या, "पोरगी अन् लेकरू सव्वा महिना हितंच राहू द्या. आमी बी राहतो चार दिवस, ह्यांचं अंग निवस्तोवर."

जिंकलो! मला रडूच आलं. लेक राहिली, नातू राहिला!

"पर आमच्या घरी दोन म्हशी हायेत," विहीणबाई पुढे म्हणाल्या. "त्यांच्याकडं बघायला कुणीतरी पायजे."

रविवारी संध्याकाळी ठरल्याप्रमाणे गाडी बोरीला निघाली. आत मी एकटाच होतो. सोमवारी पहाटे बादली घेऊन गोठ्यात शिरतोय, तोच विहीणबाईंचा फोन.

"दत्तरावभाऊ, थांबा! आधी आंघोळ करा, मगच म्हशीला हात लावा!"