कुकर आणला का?

आमच्या गावात कुणी नवीन माणूस नोकरीवर आला, की केदूआप्पा त्याला नाव विचारत नाही, गाव विचारत नाही, चहाचंही विचारत नाही. काठी टेकवत पुढ्यात जाऊन उभा राहतो आणि म्हणतो, "कुकर आणला का?"

वायरमन खांबावर चढलेला, हा खालून ओरडतो, "ए भो, कुकर आणला का?" जनावरांचे नवे डॉक्टर माझ्या गोठ्यात आले होते. गाय अडलेली, डॉक्टरांचा हात कोपरापर्यंत आत, माझा जीव टांगणीला. आणि हा मागून विचारतो, "साहेब, कुकर आणला का?" डॉक्टरांना वाटलं, हे काहीतरी गावठी अवजार असेल. ते घाम पुसत म्हणाले, "नाही लागणार, हातानंच होईल."

मी चौथीत शाळा सोडली, त्याच दिवशी आप्पानंही सोडली. गल्लीत त्याचं दार आणि माझं दार समोरासमोर आहे. म्हणजे जन्मभर सकाळी उठून पहिलं तोंड मी याचंच पाहिलंय, त्यामुळं याच्याबद्दल बोलायचा अधिकार माझाच. दुसऱ्या कुणी बोललं तर मी ऐकून घेत नाही.

त्याचं म्हणणं असं, की नोकरीवरच्या माणसाचं बोलणं ऐकू नये, त्याची पिशवी बघावी. "डब्याचा माणूस संध्याकाळच्या गाडीनं जातो, निवर्त्या. कुकरचा माणूस राहतो. माणूस खोटं बोलंल, भांडं नाय बोलत." हे त्यानं मला इतक्या वेळा ऐकवलंय, की माझी बायको, आमची म्हातारी, एकदा झोपेत तेच म्हणाली.

गंमत अशी, की हा स्वतः डब्यावर जगतो. त्याची सखू वारली तेव्हापासून दोन्ही वेळचा डबा आमच्या घरून जातो, आणि गल्ली ओलांडून तो नेणारा हमाल मी. डबा उघडून आधी वास घेतो. मग म्हणतो, "तुझ्या बायकोनं आज पुन्हा भात गिच्च केला." तरी डबा परत येतो तेव्हा त्यात शीत नसतं. मुलगा नाशकात, इंदिरानगरला, चांगला फ्लॅट घेऊन राहतो. दिवाळीनंतर आप्पा तिकडं कायमचा म्हणून गेला. मी घरात म्हटलं, सुटलो. आठवडा झाला नाही तर बाबा दारात हजर. "तिथलं पाणी पचत नाय," म्हणाला आणि डबा मागितला.

आता या कुकरापायी गावाचं काय नुकसान झालं ते सांगतो. ग्रामसेवकाचा पगार वरून येतो. गावानं कितीही म्हटलं तरी त्यात एक पै वाढवता येत नाही. चांगला माणूस धरून ठेवायचा तर गावाच्या हातात एकच गोष्ट असते. सरकार म्हणतं, नोकरीच्या गावात राहा, तरच घरभाडं देऊ. आणि तो राहतो की नाही, हे गावानं ग्रामसभेत ठराव करून लिहून द्यायचं. आता माणसं राहतात नाशकात. पोरांच्या शाळा तिथं, दवाखाना तिथं. गावं डोळे मिटून ठराव करतात, माणूस खूश होतो, चार कामं जास्त करतो. अशी रीत आहे. चांगली आहे का वाईट, ते मला विचारू नका, पण तिच्यावर गाडा चालतो.

आमच्या गावात मात्र ठराव वाचायला घेतला, की आप्पा उठतो. "कुठं राहतो हा? दाखव."

एका ग्रामसेवक भाऊसाहेबांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, की मी ग्रामपंचायतीच्या क्वार्टरमध्येच राहतो. आप्पा म्हणाला, "चला." सगळी ग्रामसभा उठून त्याच्या मागं क्वार्टरवर गेली. आत पाण्यात टाकायच्या पावडरीचे ड्रम, मोडकी बाकडी, आणि ओट्यावर गॅसच्या जागी कोळ्याचं हे एवढं जाळं. आप्पानं काठीनं कोळी दाखवला. "हा राहतो इथं. याला द्या घरभाडं."

माणसं हसली. भाऊसाहेब महिन्यात बदली करून गेले. पुढचेही असेच गेले. मग बराच काळ कुणीच येईना. शेजारच्या गावचे भाऊसाहेब आठवड्यातून एकदा उपकार केल्यासारखे यायचे. दाखल्याला खेटे, नळाला पाणी नाही. मी आप्पाला म्हटलं, "माणूस टिकला पाहिजे म्हणतो आणि आलेल्या माणसाला हाकलून लावतो. काय करू राहिला तू?"

"टिकणारा आला, की टिकंल," तो म्हणाला. अशा माणसापुढं डोकं फोडून उपयोग नसतो, फुटतं ते आपलंच.

मग वैशाली मॅडम ग्रामसेवक म्हणून आल्या. स्कूटीवर, नाशकातून. आप्पा आडवा गेलाच. "कुकर आणला का?"

मॅडमनी हेल्मेट काढलं. "नाही आप्पा, डबा आणलाय. भेंडी आहे. घेता?"

आप्पानं आधी डब्याचा वास घेतला. मग भेंडी खाल्ली.

ही बाई कामाला वाघ. वर्षाच्या आत आमच्या गल्लीत पाण्याची लाइन आली. बायकांची कामं आधी घ्यायची. म्हाताऱ्यांना कार्यालयात बसायला खुर्ची द्यायची. मला "बाबा, अंगठा नको, सही करा, येते तुम्हाला" असं म्हणाली. येते मला. कुणी मागितली नव्हती इतकंच.

आणि या द्राक्षाच्या हंगामात बातमी आली, की मॅडम चालल्या. पलीकडच्या गावात वायनरी आहे. तिची घरपट्टी येते, त्यामुळं त्या पंचायतीचा हात सैल. त्यांनी क्वार्टरला नव्या फरश्या टाकल्या, गिझर लावला, वर निरोप धाडला, की मॅडम, तुम्ही नुसती विनंती बदली मागा, घरभाड्याचा ठराव आम्ही लिहूनच ठेवलाय. इकडं आमच्याकडं त्यांचा ठराव आप्पानं दोनदा अडवलेला. दोष कुणाला द्यायचा?

सरपंचानं ग्रामसभा बोलावली. विषय एकच, मॅडमना थांबवायचं कसं. मी आप्पाला आधीच दम भरला, "आज तोंड उघडलं तर डबा बंद."

मारुतीच्या पारावर गाव जमलं. मॅडम बाजूला खुर्चीवर, मान खाली. एकजण म्हणाला, दर हंगामाला द्राक्षाचे क्रेट देऊ. सरपंच म्हणाला, "लाच होईल ती." दुसरा म्हणाला, पंचायतीच्या पैशातून कुकरच घेऊन देऊ, म्हणजे आप्पाचंही तोंड बंद. "कोणत्या खर्चात दाखवायचा?" "पाणीपुरवठ्यात दाखवा. पाण्याशिवाय शिजतो का?" हसता हसता सरपंचानं कागद काढला. "ते राहू द्या. घरभाड्याचा ठराव करू. मॅडम गावातच राहतात. सगळ्यांना मंजूर?"

हात वर झाले. माझा सगळ्यात वर.

"नामंजूर," आप्पा म्हणाला.

मी उठलो. "अरे, तुझं काय जातं? गिझर देता येत नाय, फरशी देता येत नाय. एक ठराव हाय आपल्याकडं द्यायला, तो तरी देऊ दे! ही बाई गेली तर लाइन कोण बघंल? दाखले कोण देईल? तुझा कोळी?"

"ती इथं राहते का?" तो म्हणाला.

"नाय राहत! सगळ्या जगाला माहीत हाय नाय राहत!"

"मग लिहायचं कशाला?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. तेवढ्यात मॅडम उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "आप्पा खरं बोलतात. मला पण त्या कागदावर सही करताना बरं वाटलं नसतं. मला हे गाव सोडायचं नाही. मुलगी लहान आहे, तिला घेऊन मी इथं राहीन सुद्धा. पण त्या क्वार्टरमध्ये मागच्या महिन्यात साप निघाला. बाथरूमला कडी नाही. आतून कडी लागेल असं एक घर दाखवा, मी उद्या येते."

गावात मोकळं घर कुणाचं? ज्याच्याकडं खोल्या होत्या त्यानं द्राक्षाच्या मजुरांना दिलेल्या. मॅडमनी पर्स उचलली. संपलं, मला वाटलं.

"माझं घ्या," आप्पा म्हणाला. "पुढच्या दोन खोल्या. कड्या पितळी हायेत."

सरपंचाला भरून आलं. "आप्पा, गाव तुमचे उपकार—"

"उपकार कसले? भाडं घेणार मी. फुकट राहतो तो पाहुणा. भाडं देतो तो राहतो." मग मॅडमकडं वळून, "कुकर मात्र आणायचा."

ठराव झाला. खरा. पंचायतीनं बाथरूम आणि रंगाचा खर्च घेतला. आणि खोल्या रिकाम्या करायला कोण? मी. त्यानं मला विचारलंसुद्धा नाही, नुसती हाक मारली, "निवर्त्या, चल."

फवारणीचा जुना पंप, क्रेट, तारेची भेंडोळी. ह्या माणसानं जन्मात काही टाकलेलं नाही. मी क्रेट उचलतोय, हा खाटेवर बसून सांगतोय, हळू ठेव. खाटेखाली एक कापडी पिशवी दिसली. ओढली तर जड. आत धोतरात गुंडाळलेला कुकर निघाला. झाकणावर नाव घातलेलं, सौ. सखूबाई.

"हा असा कशाला बांधून ठेवला?" मी विचारलं.

"इंदिरानगरला नेला होता."

"तिथं कुकर नाय?"

"हाय ना. तीन हायेत."

"मग?"

आप्पानं पंपाची नळी हातात घेतली आणि पुसत बसला. "सून चांगली हाय, निवर्त्या. लय चांगली. दारातच पिशवी हातातून घेतली. म्हणली, आप्पा, किती जड! दोन दिवसांसाठी कुकर कशाला आणायचा?"



"मग तू काय म्हणला?"

"म्हणलो, रिंग बदलायला आणला. नाशकात बरी मिळते."

मला बोलायला येतं. गावात माझ्या तोंडाला लागू नये असं म्हणतात. पण त्या वेळी मी क्रेट उचलला आणि बाहेर नेऊन ठेवला. मग दुसरा नेला. तो रिकामाच होता.

मॅडम रविवारी आल्या. टेम्पो, गाद्या, मुलीची सायकल. आप्पा दारात काठी टेकून. मॅडमनी त्याला तोंड उघडू दिलं नाही. "दोन आणलेत आप्पा. एक डाळीचा, एक भाताचा." आप्पानं दोन्ही हातात घेऊन, झाकण उघडून बघितले आणि मान हलवली. जसा काही हाच कलेक्टर.

संध्याकाळी त्याच्या घरातून शिट्टी ऐकू आली. मी माझ्या ओट्यावर होतो. समोर बाजूच्या बोळातून आप्पा मागच्या खोलीच्या पायरीवर बसलेला दिसत होता, शिट्टीकडं कान लावून. डब्याची वाट बघत होता. डबा मी नेला नव्हता.

अंधार पडायला लागला तसा तो गल्ली ओलांडून आला, तणतणत. "काय रे, ग्रामसभेत बोललो त्याचा राग अजून हाय का? माणसाला उपाशी मारतो?"

"डबा बंद," मी म्हटलं.

"बंद म्हणजे?"

मी दार अडवून उभा राहिलो. आत म्हातारीनं दोन ताटं मांडलेली. मी म्हटलं, "आप्पा, कुकर आणला का?"

मला वाटलं, आता काठी घालतो. पण तो वळला आणि गेला. म्हातारी आतून मला म्हणाली, "झालं समाधान? घालवला ना त्याला?" मी चुकलो असं मी कधी म्हणत नाही, तेव्हाही म्हणालो नाही. पण दारातून हललोही नाही.

तो परत आला तेव्हा पिशवी काखेत होती. "सरक," म्हणाला. चपला बाहेर काढल्या, सरळ गॅसपाशी गेला आणि म्हातारीला म्हणाला, "वहिनी, आज भात मी सांगतो तसा लावायचा. तुमचा गिच्च होतो."

भात लावला. आम्ही पाटावर बसलो. शिट्टी होईना. झाकणाच्या कडेनं नुसती वाफ जात राहिली. मी म्हटलं, तुझं भांडंच भंगार. तो म्हणाला, तुझा गॅस मंद. ह्यावर आमचं चांगलंच वाजलं. शेवटी म्हातारीनं झाकण काढलं तर भात कच्चाच. आम्ही भाकरी आणि पिठलं खाल्लं.

हात धुताना आप्पा म्हणाला, "रिंग गेलीय त्याची. उद्या दिंडोरीला जाऊन आणू."

कुकर त्यानं आमच्याच फळीवर ठेवला. पिशवी तेवढी झटकून, घडी करून घरी नेली.