आईच्या कमरेतली सळई

कंपनीच्या प्रोग्रॅममध्ये एक दोष होता आणि तो नियमानुसार अकरा महिने प्रलंबित होता. प्रोग्रॅमचं काम हमालाचं: मेमरीतल्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या कप्प्यात, ठेवलेली माहिती उचलून डिस्कवर पोचवायची. पण डिस्कने "झालं" म्हणायच्या आधीच तो बफर दुसऱ्याच्या हवाली करी. पाहुणा अर्धा जेवलेला असताना ताट ओढून त्यातच दुसऱ्याला वाढावं, तसं. मग एकाच्या फायलीला दुसऱ्याचं शेपूट.

हा दोष ज्याने हेरला त्याला ऑफिसात सगळे भिंग म्हणत. बफर नेमका कधी सुटतो ते पाहायला त्याने 'इथे पोचलो' अशी नोंद करणारी एक ओळ प्रोग्रॅममध्ये घातली. त्याबरोबर दोष नाहीसा झाला.

"शाब्बास!" साहेब म्हणाले.

"गेला नाही साहेब तो. नोंद लिहायला क्षणभर लागतो, तेवढ्यात डिस्कचं उरकतं. मी बघतोय तोवर गुणी बाळासारखा वागतोय, एवढंच."

"मग बघत राहा!"

तसा लेखी आदेशही निघाला. मात्र तपासणीच्या ओळी ग्राहकाकडे जाऊ नयेत, असा एक जुना आदेश होता. दोन्ही पाळले गेले. त्यामुळे दोष ऑफिसात उरला नाही. फक्त जगात उरला.

"डिस्कची वाट बघायची, एवढंच करू द्या," भिंग म्हणाला.

"वाट? आपल्या जाहिरातीत काय छापलंय? 'आम्ही कुणासाठी थांबत नाही!'"

मंगळवारी भिंगाच्या आईचा फोन आला. "अरे, माझ्या कमरेत सळई कधी घातली रे?"

"कसली सळई?"

"एक्स-रेच्या फोटोत दिसतेय म्हणे. डॉक्टर म्हणतात, गंजायच्या आत काढू. सोमवारी कापणार. मी म्हटलं, अहो, मी पाच मजले पायी चढते. तर म्हणतात, आजी, रेकॉर्ड खोटं बोलत नाही."

त्या रुग्णालयात फोटो जतन करणारा प्रोग्रॅम भिंगाच्याच कंपनीचा. तो धावत गेला. "डॉक्टर, फोटो पुन्हा काढा."

"काढला ना. या वेळी दोन दिसल्या. दुखणं बळावतंय."

तो तसाच साहेबांकडे आला.

"दोष इथे करून दाखवा," साहेब म्हणाले.

"इथे होत नाही."

"मग तो तुमच्या आईत आहे."

बुधवारी भिंगाला शहाणपण सुचलं. त्याने नवी ओळ लिहिली. बफर सोडण्याआधी दर वेळी नोंद व्हायची: 'ही सेवा माननीय साहेबांच्या मार्गदर्शनाने.' तिच्या पोटात त्याने डिस्कची वाट बघणं गुपचूप दडवलं. तपासणीची ओळ काढायचा नियम होता. गौरवाची ओळ काढायचा नियम कुठल्याच ऑफिसात नसतो. साहेबांनी चष्मा पुसून ती दोनदा वाचली.

"'दूरदर्शी' पण घाला की."

घातलं. गुरुवारी प्रोग्रॅम सगळीकडे पोचला.

शुक्रवारी तिसरा फोटो निघाला. आईची कमर लख्ख. शस्त्रक्रिया रद्द झाली, पण रेकॉर्डातल्या सळया गेल्या कुठे? रुग्णालयाने आईकडून लिहून घेतलं की दोन्ही तिने परस्पर नेल्या. आईने सही ठोकली आणि पाच मजले चढून घरी आली.

"देवाची करणी रे बाबा," ती म्हणाली. भिंगाने हात जोडले. देव कुणाच्या गौरवाच्या वाटेने आला, ते तिला सांगण्यासारखं नव्हतं.

गोष्ट इथेच गोड झाली असती. पण ग्राहकांचा अर्ज आला: 'हल्ली फाइल जतन व्हायला पाव सेकंद जास्त लागतो. आम्हाला एवढा वेळ नाही.' खाली चार हजार सह्या. साहेबांनी जड अंतःकरणाने स्वतःचा गौरव मागे घेतला. ओळ गेली, पोटातलंही गेलं. न थांबणारा प्रोग्रॅम काल सगळीकडे पोचला.

भिंगाने आईचा तो लख्ख फोटो कागदावर छापून कपाटात ठेवलाय. मग त्याने तो अर्ज सहीन् सही वाचला. तुमची सतराव्या पानावर आहे. अक्षर सुरेख आहे हो तुमचं.

आता जरा कमरेला हात लावून बघा.